गोठ्यातलं दूध आणि पिशवीचं दूध

हॅलो?… हां, बोल गं चिमणे… झोपतेय कुठली, ओटा आवरतेय… नाही, ताईला वेळच वेळ आहे, तू बोल.

हो, हो… अजून चालूच आहे. आसपास पिकलेलं, आसपास बनलेलं, तेवढंच घरात येतं… मीठ? मीठ सोडून. मीठ काय गच्चीत पिकवू?… चहा पण सोडून. चहा बंद केला तर तुझे भावोजी मला घरात ठेवतील का?… आणि साखर… हस, हस खुशाल!

अगं ऐक ना, सोपं नाहीये ते. बेकरीवाल्याचा पाव इथलाच म्हणून कौतुकाने आणला, तर पीठ कुठून कुठून आलेलं. म्हटलं जाऊ दे, भाजलं तर आमच्या गल्लीत!… तेल ना? घाण्यावाला आठवड्यातून दोनदाच घाणा लावतो. तोवर आमची फोडणी उपाशी.

दूध मात्र… हो ना, समोरच्या गोठ्यातलं. सगळ्या बिल्डिंगच्या गळी मीच उतरवलं ते. नाहीतर गोठा बंदच करणार होता बिचारा… काय?

काय पाहिलंस?… कुठल्या दुकानात?… गोठेवाला? पिशवीचं दूध?… किती पिशव्या?… रोज?

छे. तुझा काहीतरी घोटाळा… बरं, बरं, तोच होता. चिडू नकोस… मिसळत असेल? आणि आम्हाला ताजं म्हणून… नाही गं. माझा नाही विश्वास बसत.

चिमणे, एक काम कर, कोणाला बोलू नकोस… तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला तर मुळीच नको! तिला सांगितलं की झाला गावभर बोभाटा. संध्याकाळपर्यंत सगळे दूध बंद करतील, आणि उद्या तो गाई विकेल… माझं नाक जाऊ दे गं, त्याचं पोट आहे त्यावर.

थांब. त्याची बायको दिसतेय खिडकीतून, शेण भरतेय. विचारतेच… सरळच विचारते. धर, ठेवू नकोस.

अहो वहिनी!… इकडे, वर!… जेवलात का?… नाही, सहज… म्हटलं, आमची बहीण म्हणत होती, भाऊ दुकानात दिसले, पिशवीचं दूध घेताना… कोणासाठी?… घरी?… का हो, तुमचं स्वतःचं…

…हां… हां… अगं बाई…

चिमणे, आहेस ना?… अगं, त्यांची तांबडी गाभण आहे. आटली ती. एकाच गाईचं दूध आहे आता. ते सगळं आम्हाला घालतात, आणि पोरांना पिशवीचं पाजतात… हो, स्वतःच्या पोरांना… मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालंय ना.

थांब… वहिनी! उद्यापासून आमच्याकडे अर्धंच घाला! बाकीचं तुमच्या पोरांना!… का नको?… अहो, आम्ही भागवू की!

…नाही म्हणतेय गं ती. हातच जोडतेय… म्हणते, चार दिवस कमी घातलं की गिऱ्हाईक पिशवीकडे वळतं, आणि एकदा वळलं की परत येत नाही… मागे तसंच झालं म्हणे. अर्धी गल्ली गेली… मग गाय व्यायल्यावर दूधच दूध, आणि प्यायला कोणी नाही.

…बोल ना. काय करायचं गं आता?

हो… सगळ्यांनाच सांगायला हवं, मलाही तसंच वाटतंय… नाही, खिडकीतून ओरडून सांगितलं तर वहिनींना खरं नाही वाटणार. घरोघर जाऊ. तांबडी विते तोवर सगळ्यांनी अर्धंच घ्यायचं, पण घ्यायचं त्याच्याचकडून… तिसऱ्या मजल्यापासूनच सुरुवात करू. करू दे तिला बोभाटा, या वेळी कामाचा आहे.

आधी गोठ्यात जाते. तिच्या शेजारी उभी राहून सांगते, आम्ही कुठे जात नाही म्हणून… तू येतेस?… मग आत्ताच ये. ठेवते.