साखरेवरचा उतार

विगिल : दाजी, फावडं घालून बघा तरी. वरचा बर्फ कालचा, पावाच्या लादीसारखा सलग. त्याच्याखाली काय आहे?

लोरेन्झ : बर्फच. दुसरं काय असणार, बटाटे?

विगिल : साखर आहे. ऑक्टोबरातला बर्फ या सावलीत पडून पडून असा सुटा झालाय. मुठीत धरला तरी गोळा होत नाही. कालची लादी त्याच्यावर नुसती टेकलीय.

लोरेन्झ : मग समोरच्या उन्हातल्या उतारावर जाऊ? तिथे गवत आहे. मी काय गाय आहे?

विगिल : तेच सांगतोय. तिकडचा जुना बर्फ वितळला, म्हणून तिथे स्की करता येत नाही. इथे तो राहिला, म्हणून इथे मरता येतं.

लोरेन्झ : तुझ्या बहिणीशी संसार केलाय मी. मला उताराची भीती घालू नकोस.

विगिल : मगाशी चढताना पायाखाली धप्प झालं, ते ऐकलंत ना?

लोरेन्झ : पोट होतं माझं. सकाळी डुकराचं मांस जरा जास्त झालं.

विगिल : तुमचं पोट वाजलं आणि पलीकडे बर्फाला भेग गेली?

लोरेन्झ : सोमवारी इन्सब्रुकच्या इस्पितळात गुडघा बदलणार आहेत, विगिल. मग हा हिवाळा खुर्चीत. एकदाच जाऊ दे. पुढच्या वर्षी नव्या गुडघ्याने तू म्हणशील तिथे, म्हणशील तेव्हा.

विगिल : मी येणार नाही.

लोरेन्झ : नको येऊस. बघत उभा राहा.

विगिल : छातीवरचं यंत्र चालू आहे? गाडले गेलात तर त्याच्याच खुणेवर शोधायचं तुम्हाला. थांबा, माझ्या यंत्रावर लागतंय का बघतो. लागतंय. काठ्यांच्या पट्ट्या मनगटातून काढा. आणि डावीकडच्या धारेला चिकटून जा, मधल्या खोलगटात शिरू नका. ऐकताय का?

लोरेन्झ : बायकोचा भाऊ आहेस, बायको होऊ नकोस.

(लोरेन्झ उतरू लागतो. उतारावरची लादी तुटते आणि तो बर्फाखाली गाडला जातो.)

विगिल : दाजी. दाजी, बोला काहीतरी. बरं, नका बोलू, यंत्र बोलतंय. अठरा मीटर. नऊ. अकरा? मागे, मागे. पाच. दोन. सळई घालतो... लागली. मऊ आहे, दगड नाही. येतोय मी. ताईला काय सांगू, तुझा नवरा गाय नव्हता म्हणून? हा हात. ही टोपी. तोंड कुठाय, तोंड... थुंका. आधी थुंका.

लोरेन्झ : हळू. कान तोडशील.

विगिल : तोडतोच. नाहीतरी वापरत नाही तुम्ही तो. शिरलात ना खोलगटात?

लोरेन्झ : पाय हलत नाही.

विगिल : कुठला?

लोरेन्झ : चांगला होता तो.

विगिल : गप्प पडा. फोन करतो... हेलिकॉप्टर निघालंय. हे माझं जाकीट घ्या. घ्या म्हणतो ना.

लोरेन्झ : विगिल, ते पुढच्या वर्षीचं खोटं होतं. डॉक्टरीण म्हणाली, ऑपरेशननंतर स्की कायमची बंद. तुझ्या ताईलाही बोललो नाही.

विगिल : मला सांगायचंत. इथे नसतं सोडलं, पण वर हिमनदीवर नेलं असतं. पाठुंगळीला मारून नेलं असतं.

लोरेन्झ : स्कीवर दोनच वळणं मिळाली.

विगिल : तीन. मी बघत होतो.