डोहाळ्याचा खरवस

तुम्ही म्हणता बेंगळूरला सगळं मिळतं. मग खरवस मिळवून दाखवा. लेकीला आठवा महिना आणि डोहाळे नेमके त्याचेच. जावयांनी मोबाइलवरून मागवला, तर आली दुधाची जेली. लेकीने एक घास खाल्ला नि रडायलाच लागली.

मी म्हटलं, या तुमच्या एचएसआर भागात रस्त्यावर गाई फिरतात, म्हणजे कुठेतरी व्यातही असतील. सकाळी डबा घेऊन एका गाईच्या मागे निघाले. जावईही आले. ती एका गोठ्यात शिरली. तिथे नुकतीच व्यालेली दुसरी गाय होती. जावयांनी बादलीतल्या चिकाकडे बोट दाखवून मालकिणीला विचारलं, "कितने का?"

"इल्ला." तिने नकारार्थी मान हलवली.

"डबल देता हूँ."

बाईने झाडूच उचलला.

मी जावयांना मागे ओढलं. "चीक कोणी विकतं का? पाकीट आत ठेवा." मग स्वतःच्या पोटापुढे हाताने घुमट करून दाखवला आणि डबा पुढे केला. "अक्का, मगळु." मगळु म्हणजे मुलगी, एवढंच कन्नड मला येतं. बाई हसली, "सरी" म्हणाली आणि डबा काठोकाठ भरला.

घरी येऊन लगेच वाफवला. लेकीने भांडं पुसून खाल्लं.

जावई म्हणाले, "आई, मला?"

म्हटलं, "तुम्हाला डोहाळे लागले की पुन्हा जाईन."