हसनभाईंची दोन बोटं

झुबेदाभाभी, सलीम, आणि सुट्टीच्या दिवशी ओमानच्या किनाऱ्यावरून, सोहारहून, खाबुऱ्याहून इथे रुवीपर्यंत आलेली सगळी मंडळी,

मी अरविंद दामले. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोन शब्दांत माझं होणार नाही, हे आधीच सांगतो. सकाळपासून तीनदा कागदावर लिहिलं आणि तीनदा फाडलं. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

परवा सोहारच्या बंदरात जहाज बांधताना दोर तुटला. मनगटाएवढा जाड दोर. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा उलटा येतो. तो हसनभाईंच्या छातीवर आला. बरोबरची माणसं सांगतात, मोठा आवाज झाला आणि वळून बघतात तर हसनभाई दहा पावलं मागे पडलेले. गाडी येईपर्यंत खलास. काल आपण त्यांना माती दिली. मीही मूठभर दिली. आणि घरी जाताना ठरवलं, की आता बोलायचं.

भाभी, तुम्ही सगळे ज्याला प्रोपेलरचा अपघात म्हणता, तो अपघात नव्हता. हसनभाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रोपेलरमध्ये गेली नाहीत. त्या दिवशी होडीत मी होतो. खोटं दोघांनी मिळून ठरवलं, पण पहिल्यांदा मोठ्याने बोललो मी, हॉस्पिटलच्या दारात, तुमच्यासमोर. हसनभाईंनी मला बजावलं होतं, "मी जिता हाय तवर तोंड उघडायचा नाय." नाही उघडलं. आज उघडतो.

आठ-नऊ वर्षं झाली. मी तेव्हा इथे रुवीतच एका ट्रॅव्हल ऑफिसात होतो. एक बडा पाहुणा यायचा होता. एका देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष. देशाचं नाव मी घेणार नाही. त्याला मासेमारीचा नाद होता, आणि तोही साधा नाही. गळाला पिसं आणि केस बांधून खोटी माशी बनवायची, ती लांब दोरीने पाण्यावर फेकायची, माशाला फसवायचं आणि पकडून परत सोडून द्यायचं. ती माशी तो स्वतः बांधायचा. आमच्या खाबुऱ्याच्या गेस्ट हाउसात बसून मी त्याला बांधताना बघितलंय. चष्मा नाकावर, तोंडात धागा. एखाद्या शिंप्यासारखा. मला म्हणाला होता, त्याच्या ओळखीच्या दोन-तीन देशप्रमुखांनाही हाच नाद आहे. पाण्यावर कुणी सलाम ठोकत नाही, म्हणून.

होडी अर्बाबची, म्हणजे इथल्या मालकाची, नाखवा हसनभाई. होडीवर आणखी एक माणूस कामाला होता, चाळिशीचा. त्याला हसनभाई मास्तर म्हणायचे, कारण आपल्या देशात तो शाळेत शिकवायचा. तो देश आणि पाहुण्याचा देश एकच. हे मला माहीत नव्हतं. हसनभाईंनाही नव्हतं. मास्तर फार बोलत नसे. पहिले दोन दिवस त्याने पाहुण्याला चहा दिला, टॉवेल दिला, मान वर केली नाही.

तिसऱ्या सकाळी आम्ही किनाऱ्यापासून बरेच आत होतो. होडीत पाच जण. पाहुणा, त्याचा बॉडीगार्ड, हसनभाई, मास्तर आणि मी. मी कशाला? दुभाषा म्हणून. पाहुण्याचं इंग्रजी, हसनभाईंची आपली बोली.

एक मोठा मासा लागला. अर्धा तास झुंज चालली. दोरी पाहुण्याच्या बोटात रुतून रक्त आलं, तरी त्याने सोडली नाही. शेवटी मासा दमला. पाहुणा होडीच्या कडेला गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात पाण्यात घातले आणि माशाला धरून हळूहळू पुढे-मागे हलवू लागला. त्याचा श्वास परत यावा म्हणून. बॉडीगार्ड पाठ करून पिशवीतून कॅमेरा काढत होता. पाहुण्याची पाठ आमच्याकडे होती.

मोठा मासा वर ओढायला होडीत एक लोखंडी आकडा असतो. हातभर दांडा, पुढे टोकदार वाक. मास्तरने तो उचलला.

मी बघितलं, मंडळी. तो माझ्या शेजारीच बसला होता. हात लांब केला असता तर त्याचा सदरा माझ्या मुठीत आला असता. मला वाटलं, मासा वर घेतोय. नाही, हेही खरं नाही. त्याचा चेहरा बघून मला कळलं होतं. मी हललो नाही.

त्याने एक नाव घेतलं आणि आकडा पाहुण्याच्या मानेवर हाणला.

मध्ये हसनभाईंचा हात आला. सुकाणू सोडून ते कधी झेपावले, मला दिसलंच नाही. आकडा तळव्यात घुसला आणि मागून बाहेर आला. मास्तरने तो हिसकला, पुन्हा मारायला. तेव्हा बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. रक्त माझ्या तोंडावर उडालं.

मग बॉडीगार्ड वळला. त्याने पिस्तुलाचा दस्ता मास्तरच्या तोंडावर घातला. दात फळीवर पडले, ते मी ऐकले. पुन्हा घातला. मास्तर खाली पडल्यावर बुटाने पोटात, छातीत, तोंडावर. तो माणूस ओरडतही नव्हता. तेच एक नाव घेत होता, फुटलेल्या तोंडाने. मग बॉडीगार्डने त्याच्या मानेवर पाय ठेवला आणि पिस्तूल डोक्याला लावलं.

हसनभाई मास्तरच्या अंगावर जाऊन पडले. हातातून रक्त वाहतंय, आणि हा माणूस ज्याने आकडा घातला त्याच्यावर आडवा. बॉडीगार्डने त्यांनाही लाथा घातल्या. सलीम, तुझ्या वडिलांच्या दोन फासळ्या तेव्हा मोडल्या. ते उठले नाहीत.

पाहुणा तोवर उभा राहिला होता. मासा गेला होता. त्याने विचारलं, हा माणूस काय बोलतोय? मी सांगितलं, मला कळत नाही. खरंतर त्याला कळत होतं, भाषा त्याचीच होती. तेव्हा हसनभाई खालूनच म्हणाले, दामले, त्याला सांगा, ते याच्या भावाचं नाव आहे. काल रात्री याने मला सांगितलं होतं, भावाला चौकात गोळी घातली. कुणी घातली ते नव्हतं सांगितलं. त्याला विचारा, कुणी घातली?

 कसं विचारणार? पिस्तूल माझ्यापासून दोन हातांवर होतं.

हसनभाई म्हणाले, "जसा बोललो तसाच विचारा."

मी विचारलं. जसंच्या तसं.

पाहुण्याने बोटाचं रक्त टॉवेलला पुसलं. मग म्हणाला, चौकात लोक जमले होते. हुकमावर सही माझी होती. एवढंच. माफी मागितली नाही. मास्तरकडे बघितलंही नाही. बॉडीगार्डला म्हणाला, पिस्तूल आत ठेव.

मग हसनभाईंनी अट घातली, रक्त थांबवायला हाताला माझा शर्ट गुंडाळून. मास्तरला कुणाच्या ताब्यात द्यायचं नाही. पोलिसांत नाही, वकिलातीत नाही. हाताचं काय ते मी प्रोपेलरवर टाकतो. आणि हे मान्य नसेल तर मी होडी परत नेत नाही, बसा इथेच. पाहुण्याने मान हलवली. का हलवली, मला आजही माहीत नाही. बातमी व्हायला नको होती म्हणून असेल. दुसरं काही असेल तर ते त्याच्यापाशी.

खाबुऱ्याच्या अलीकडे मास्तरला किनाऱ्यावर उतरवलं. त्याला नीट चालता येत नव्हतं. हसनभाई डाव्या हाताने सुकाणू धरून त्याला म्हणाले, यल्ला, जा. त्याने हसनभाईंच्या हाताकडे बघितलं आणि वाळूतच बसून रडला. आठवड्याभरात तो ओमानबाहेर गेला, एवढं कळलं. मग काही नाही.

मी एकदाच विचारलं, हसनभाई, खुन्याला का वाचवलंत? त्यांनी मलाच विचारलं, कुठल्या? नंतर म्हणाले, "माझे होडीत कोन मरता कामा नाय. मी नाखवा हाय." त्या हाताने पुढे होडी झेपेना, म्हणून ते बंदरात दोरांच्या कामाला लागले. ते काम त्यांना त्या दिवसाने दिलं, भाभी. परवाचा दोरही त्या दिवसाचाच आहे, असं मला वाटतं.

दोन वर्षांपूर्वी मी पेपरात वाचलं, पाहुण्यावर त्याच्या देशात खटला उभा राहिला. कोर्टात त्याने सही कबूल केली. मी पेपर घेऊन सोहारला गेलो. मला वाटलं, हसनभाईंना बरं वाटेल. त्यांनी सगळं वाचून घेतलं आणि विचारलं, त्यात मास्तरच्या भावाचं नाव आहे का? नव्हतं. आकडा होता फक्त, किती मेले त्याचा. ते पेपर माझ्या हातात देऊन चहा करायला उठले.

नाव त्यांना पाठ होतं. मी त्या होडीत ते पाच-सहा वेळा ऐकलं, आणि आज मला ते आठवत नाही. हसनभाईंना विचारायला इतकी वर्षं होती. विचारलं नाही. मास्तर जिवंत असेल तर त्याला माहीत असेल. इथे या हॉलमध्ये ते आता कुणालाच माहीत नाही.

भाभी, तुमच्या नवऱ्याने एका मिनिटात जे केलं, ते एका हाताच्या अंतरावरून मी करायला हवं होतं. माझी बोटं दहा आहेत. तुम्ही मला माफ करा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा प्रश्न आहे. सलीम, तुला अजून काही विचारायचं असेल तर माझं घर तुला ठाऊक आहे. कधीही ये. आता मी काही लपवणार नाही.

आता आपण सगळे उभे राहू या. ज्यांना फातेहा पढायची आहे त्यांनी पढावी, बाकीच्यांनी मान खाली घालून गप्प उभं राहावं. हसनभाईंसाठी. आणि त्या चौकात मेलेल्या, नाव हरवलेल्या माणसासाठीही.

हसनभाई, सलाम.