पत्ते पिसायचं मशीन

आवाज किती करतं ते आधी सांगा, भाऊ. बाकी मग. मिक्सरसारखं घर्र करणार असेल तर आत्ताच वर ठेवून द्या, कारण ही एकदा उठली की — बघा, नुसतं म्हटलं तर डोळे उघडले. झोप गं पुनम, झोप. सोळा महिन्यांची झाली, पण झोप अजून चार महिन्यांच्या पोरीची. नको, स्टूल नको, आणि हिला खाली पण नाही सोडत मी. तुमची फरशी गुळगुळीत, तिकडं ते काचेचं कपाट — नको. मला सवय आहे कडेवर. हात अवघडतो, पण अवघडू दे.

तर हे पत्ते पिसायचं मशीन. आमच्या ह्यांनी मोबाइलवर बघितलं — ललित नाव त्यांचं — आणि म्हणाले, आबांना घेऊन जळगावला डॉक्टरकडं चाललीच आहेस तर येताना एक घेऊन ये. जशी काही कोथिंबीरच आहे. कुठलं घ्यायचं, कसं बघायचं, काही सांगणं नाही. तुमचं तिसरं दुकान. पहिल्यानं सांगितलं, असलं काही नसतं बाई, हातानं पिसा. दुसऱ्यानं काय काढून दाखवलं माहितीये? शेवयांचं. खरंच. हसू नका, मीही दोन मिनिटं त्याचं हँडल फिरवून बघत उभी होते, म्हटलं असेल बाई, पानं इकडून घालायची असतील.

ह्या डब्यावर काय लिहिलंय? मी सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरं लागतात, पण जोडून अर्थ लागत नाही. आणि हा चित्रातला चष्म्यावाला काय खेळतोय एवढा? पोकर? नाही हो, आमच्याकडं ते नाही. आमच्याकडं रमी, दोन कॅटची, आखाजीला. तुम्ही इकडचे नाही वाटतं — साताऱ्याचे? मग तुम्हाला कसं कळणार. आखाजी म्हणजे तुमची अक्षय तृतीया, पण आमच्याकडं ती दिवाळीएवढी. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, आमरस, सांजोऱ्या, आणि पुरुष माणसं पत्ते कुटतात. वर्षभर ज्यानं पत्त्याला हात लावला की बायको भांडी आपटते, तोही आखाजीला उजळ माथ्यानं ओट्यावर बसतो, आणि तीच बायको त्याला चहा नेऊन देते. पैशावर नाही — आमच्या ओट्यावर चिंचोके लावतात. आबांचा नियम आहे तो. आबा म्हणजे माझे सासरे, रुपचंद आबा. ते काय, शेजारच्या मेडिकलच्या पायरीवर बसलेत — पांढरी टोपी, मांडीवर पिशवी. नको, नको, आत नका बोलावू. ऊन आहे, कळतंय मला, पण ते सावलीत आहेत, पाण्याची बाटली दिलीये, आणि इथून दिसतात मला. त्यांना हे आधी दिसायला नको. गोळ्या घेऊन येते म्हणून सांगितलंय मी.

हे कसं चालतं? अर्धी पानं इकडं, अर्धी तिकडं, मधून खाली पडतात, बरं. दोन्ही कॅट एकदम घेतं? घेतं. सेल किती? चार? मोठे की घड्याळाचे? आणि जुनी पानं घालता येतात का — आबांचा कॅट कागदी आहे, कोपरे मऊ पडलेत, किलवरच्या राणीला तर अर्धं तोंडच नाही उरलं. अडकतील? मग कॅटही नवा घ्यावा लागणार. बघा, हे यांनी सांगितलंच नाही.

सांगते ना, कशाला हवंय ते. आमच्या ओट्यावर पहिला डाव घरातल्या मोठ्या माणसानं पिसायचा आणि त्यानंच वाटायचा. आबांना चाळीस वर्षं झाली त्याला. पाचोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये होते ते, हात असे राकट, पण पानं पिसायला घेतली की बघत बसावं. ह्या हातातून त्या हातात पानं नुसती सरकायची, आवाज सुद्धा वाऱ्यासारखा. लग्न होऊन आले तेव्हा मी पदर तोंडावर धरून दारातून बघायचे. आता कंपवात झालाय. हात थरथरतात. जेवताना कमी, पण कुणी बघतंय म्हटलं की जास्त. आणि आमच्याकडं नियम काय, तर वाटताना एक पान जरी उघडं पडलं तरी डाव मोडायचा, पुन्हा पिसायचं. मागच्या आखाजीला आबांनी वाटायला घेतलं आणि बदामचा गुलाम उघडा पडला. मोडला डाव. पुन्हा पिसलं, पुन्हा वाटलं, पुन्हा उघडं पान. तीनदा. तिसऱ्यांदा चुडामण मामा म्हणाले — यांचे मामा, तोंडाळ आहेत, मनानं नाहीत वाईट — म्हणाले, "पाव्हणं, आपण असंच डाव मोडत बसलो तर पुढची आखाजी उजाडेल." सगळे हसले. आबाही हसले. पानं मामांच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाले, तुम्ही वाटा. तेव्हापासून पत्त्याला हात नाही लावला. वर्ष झालं. हात मांडीखाली घालून बसतात, नाहीतर बंडीच्या खिशात. म्हणून हे म्हणाले, मशीन आणू, मशीन पिसेल, आबा नुसते बसतील मोठेपणाला, कुणाला हसायला जागा नाही.

आणि वाटतं कोण? नाही, म्हणजे हे मशीन पिसतं — वाटून पण देतं का एकेकाला? नाही ना? मग वाटायचं हातानंच. आणि पानं तर वाटताना उघडी पडली होती, पिसताना नाही. बघा. हे यांच्या लक्षातच नाही आलं. माझ्याही नाही आलं, तीन दुकानं फिरून.

थांबा, ठेवू नका आत. मला घ्यायचंय. परवा माझा भाऊ येतोय, प्रेमराज, मला आखाजीला धुळ्याला न्यायला. मी गेल्यावर यांनी तो डबा आबांपुढं उघडावा, आणि मी तिथं नसावं, एवढंच मला पाहिजे. मागच्या वर्षी मी माहेरी नव्हते ना गेले. पोर चार महिन्यांची, ऊन चव्वेचाळीस, आई म्हणाली आणू नको. म्हणून मी घरात होते. म्हणून ते झालं.

काही नाही. पाणी असेल तर द्या जरा. हिला नको, मला.

मी चहा घेऊन गेले होते ओट्यावर. ही कडेवर, अशीच. सगळ्यांचं हसणं संपलेलं, मामा पिसत होते, आणि आबांना काहीतरी करायचं होतं हो हातांना — माणूस रिकामा बसला की करतं ना काहीतरी — तर त्यांनी माझ्याकडं बघून हात पुढं केले. म्हणाले, "आण व माय, माले दे तिले." दिवसातून दहा वेळा म्हणायचे तसंच. ही जन्मली तेव्हापासून रोज सकाळी तेच घ्यायचे हिला, सासूबाई नाहीत माझ्या, मला भाकरी टाकायच्या असायच्या, तर ते हिला घेऊन अंगणात हिंडायचे, कावळा दाखवायचे. एकदाही पडली नाही ही. एकदाही नाही. पण मी नुकतीच ती पानं पडताना बघितली होती. आणि मी म्हणाले, "नको आबा, पडेल ती." एवढंच. आणि एक पाऊल मागं सरले. मोठ्यानं नाही म्हणाले, पण ओटा केवढासा असतो? सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही त्यावर. मामांचं पिसणं सुद्धा थांबलं. आबांनी हात तसेच मागं घेतले आणि मांडीखाली घातले.

घरात सगळे म्हणतात, मामांच्या बोलण्यानं आबा दुखावले. मामा दोनदा येऊन हात जोडून गेले बिचारे. मी त्यांना चहा करून दिला. मी काही बोलले नाही. यांनाही नाही सांगितलं. तुम्हाला का सांगतेय कुणास ठाऊक, तुम्ही तर नुसतं मशीन विकताय. वर्षभर त्या माणसानं हिला मागितलं नाही, भाऊ. ही रांगायला लागली, चालायला लागली, त्यांच्या धोतराला धरून उभी राहते, आणि ते हात खिशात ठेवून मला हाक मारतात — सूनबाई, हिला घे. मी पण जाते आणि घेते. कारण मला भीती वाटतेच ना, अजून वाटते, खोटं कशाला बोलू. ही झोपली की मी नाकापुढं बोट धरून बघते श्वास चालू आहे का. मला जिना दिसला की ही पडलेली दिसते, बादली दिसली की — जाऊ द्या.

आज डॉक्टर काय म्हणाले सांगू? म्हणाले, हात जपून ठेवून बरे होत नसतात, आबा, हातांना काम द्या, कणीक मळा, शेंगा फोडा. मग विचारलं, घरात लहान मूल आहे का? मी हिला घेऊन समोरच बसलेली, आणि आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "आहे. पण ती आईजवळच राहते." माझी तक्रार नाही केली हो. केली असती तर बरं झालं असतं.

नवा कॅट उघडून चालवून दाखवता? दाखवा, हळू — अगं, अगं, काही नाही, पुनम, मशीन आहे ते, बघ पत्ते — बंद करा, भाऊ, घाबरली ती! केवढा हा आवाज, आणि तुम्ही म्हणत होतात काही नाही म्हणून. सोड, बाई, ते पान सोड, त्या काकांचं आहे. नाही सोडत. गप, गप, झालं, झालं — आबा! तुम्ही कशाला उठलात, आबा, काही झालं नाही तिला, आवाजानं रडली. आलेच मी. गोळ्या — गोळ्या घ्यायच्यात अजून.

आत कशाला आलात, आबा? नाही, म्हणजे हे — हे पत्ते पिसायचं आहे. मशीन. यांनी सांगितलं होतं आणायला. आखाजीसाठी. तुम्हाला त्रास नको म्हणून.

"चांगलं शे" काय म्हणता, आबा. काही चांगलं नाही. वाटता पण येत नाही त्याला.

आबा, खिशातून हात काढा. नाही, पैसे नकोत मला तुमचे. हिला घ्या. हो, हिलाच. थरथरू द्या. रडतेय ती आणि माझा हात भरून आलाय सकाळपासून. घ्या. मी म्हणतेय ना, घ्या. मागचं — मागचं मी बोलले होते ते — आधी घ्या हिला. असं. दोन्ही हातांनी. मी आहे इथं, पण मी धरत नाहीये, बघा, माझे हात खाली आहेत.

भाऊ, ते मशीन उचला तिथून. नको मला. कॅट तेवढा बांधून द्या, तुम्ही उघडलाच आहे तर. किती भरतात? एकावन्न? बरोबर आहे, एक पान तिच्या मुठीत आहे. नाही, तिच्याकडून काढून घ्यायला मी जाणार नाही आता. एकावन्नच बांधा.