हेमलतेने परत घातलेला पत्ता

मंडळी, देवाच्या दारात बसलोय, तर एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका! घाबरलेलं माणूस आपल्या दारी आलं. तोंडात एकच वाक्य — 'सगळं ठीक होईल ना?' आता त्याला द्यायचं काय? गोड द्यायचं, की खरं द्यायचं?

बघा! पुढच्या मावशी म्हणाल्या — गोड! खांबाजवळून आवाज आला — खरं! म्हणजे इथेच दोन तट पडले. पडू द्या. पेटीवाले, सूर जरा खाली धरा. आजची कथा चढ्या आवाजात सांगण्यासारखी नाही.

तर ऐका. नाशिकजवळ भगूर. तिथल्या एका गल्लीत हेमलता निकुंभ नावाची बाई शिवणकाम करायची. हात असा साफ, की ब्लाउज एकदा अंगात गेला की परत उसवायला आणायचं नाव नाही! शेजारच्या देवळालीत एका जुन्या बंगल्यात फ्रेनीबाई नावाच्या पारशी म्हाताऱ्या एकट्या राहायच्या. त्यांचे झगे आत घ्यायला, सैल करायला हेमलता जायची. एके दिवशी पाहते तो काय — बाई टेबलावर पत्ते मांडून बसलेल्या!

अहो, रमीचे नव्हेत! बघा, मागचे लगेच सरसावून बसले! हे टॅरोचे पत्ते. प्रत्येकावर चित्र. कुठे सूर्य, कुठे चंद्र, कुठे वीज पडून ढासळणारा बुरूज, कुठे घोड्यावर बसलेला हाडांचा सापळा. लोक प्रश्न विचारतात, पत्ता काढतात, आणि जाणकार त्याचा अर्थ सांगतो. तुम्ही म्हणाल, 'महाराज, देवळात हे काय काढलंत?' — थांबा. मी पत्त्यांची जाहिरात करायला उभा नाही, आणि त्यांना शिव्या द्यायलाही नाही. मला माणसाचं सांगायचंय.

हेमलता म्हणाली, "फ्रेनीबाई, मला शिकवाल?"

"शिकवीन नी, डीकरी! लेकच तू माझी. पण सावकाश. रोज सकाळी एकच पत्ता काढ. पुस्तक उघडू नको. चित्र बघ, आणि काय दिसते ते मोठ्याने बोल."

हेमलतेने पत्ता काढला. "सूर्य दिसतोय. पांढऱ्या घोड्यावर एक बाळ बसलंय. मागे भिंत आहे, भिंतीवर सूर्यफुलं."

"बस! आजचा धडा एवढाच. जे दिसत नाही ते बोलायचं नाही."

सोपं वाटतं ना? करून बघा! आपण निम्मा जन्म न दिसलेलंच बोलत असतो!

पुढे बाईंनी एकेक सांगितलं. म्हणाल्या, "लोक विचारतात — होईल का? तू सांग, प्रश्न बदला. मी काय करू, असं विचारा. आणि तो सापळा आला म्हणून कोणाला मारून टाकू नको हां! काहीतरी संपतंय, दुसरं सुरू होतंय, एवढंच. आणि आला तो पत्ता आला. आवडला नाही म्हणून परत घालायचा नाही."

"आणि कुणी आजाराचं विचारलं तर?"

तेव्हा फ्रेनीबाईंनी पत्ते आवरले. हेमलतेकडे रोखून बघितलं. "तर पत्ते डब्यात, आणि माणूस डॉक्टरकडे! आणि आपल्या जिवाभावाच्या माणसासाठी तर पत्ते लावूच नको. हात कापतो. हात कापला की डोळे पण खोटं बघतात."

हेमलतेने मान डोलावली. आपण सगळेच डोलावतो. आत्ताही डोलावताय!

हळूहळू गल्लीत कळलं. कुणाला मुलाच्या नोकरीचं विचारायचं, कुणाला जावेशी अबोला कधी सुटेल ते. हेमलता पत्ता काढायची, चित्र बघायची, चार शहाणपणाच्या गोष्टी बोलायची. बायका हलक्या होऊन जायच्या. आणि मंडळी, तिलाही ते आवडायला लागलं! बाहीचं माप घेणाऱ्या बाईला आजवर कोण म्हणालं होतं, 'हेमाताई, तुम्हाला काय वाटतं?' आता म्हणत होत्या. माणसाला हे हवंच असतं हो. त्यात पाप नाही. पण पाय घसरतो तो इथेच.

तिची एक मैत्रीण होती, शैला गायधनी. अंगणवाडीताई. दुसऱ्यांच्या पोरांना डोस द्यायला दारोदार फिरणारी! कुणाच्या बाळाला ताप आला, की आईला दटावणार — "आधी दवाखान्यात ने, मग बोल!" अशी ही शैला. एका दुपारी आली. दार आतून लावून घेतलं. मशीन थांबलं.

"हेमे, पत्ते काढ."

"तू आणि पत्ते? हसायचीस ना मला?"

"काढ गं." शैलाने पदर सावरला. आवाज एकदम खाली गेला. "छातीत गाठ लागतेय. दुखत नाही. काही वाईट नसेल ना?"

हेमलतेने हातातलं कापड खाली ठेवलं. "डॉक्टरला दाखवलंस?"

"कस्तुरीचं लग्न तोंडावर आलंय. आत्ता दाखवलं आणि त्यांनी काही काढलं, म्हणजे? सोयऱ्यांना काय सांगू? पोरीच्या अंगाला हळद लागायची आणि मी दवाखान्यात? तू फक्त पत्ता काढ. तुझ्यावर माझा विश्वास आहे."

विश्वास! काय शब्द आहे बघा. ऐकलं की माणूस उंच होतो, आणि उंच झालं की पायाखालचं दिसत नाही.

फ्रेनीबाईंचं सगळं आठवत होतं तिला. तरी तिने पत्ते घेतले. पिसले. एक उलटला — ढासळणारा बुरूज. खाली कोसळणारी माणसं. हेमलतेने समोर पाहिलं. शैला खिडकीकडे बघत होती. झटकन तो पत्ता परत आत गेला. पुन्हा पिसले. पुन्हा काढला. मनासारखा नाही आला. तोही आत! आणि मग आला — सूर्य.

"शैले, बघ! सूर्य आलाय! काही होत नाही तुला. लग्न मजेत कर."

शैलाने मोठा श्वास सोडला. हसली. "चहा टाक," म्हणाली.

आता इथे कुणी असं समजू नका, की तो बुरूज खरा होता आणि सूर्य खोटा. कागदाला काय कळतंय हो गाठीतलं? बुरूज दाखवून भिववलं असतं, तरी तेही खोटंच! चूक पत्त्याची नव्हती. चूक ही, की दवाखान्याचा प्रश्न शिवणाच्या टेबलावर सुटला.

लग्न झालं. थाटात झालं. शैला मांडवात नाचली. पाठवणीला पोरीला कवटाळून रडली. मग पोरगी सासरी रुळेपर्यंत थांबली. मग सण आले. आणि जेव्हा हात उचलवेना तेव्हा नाशिकला नेलं. डॉक्टरांनी तपासलं. इतकंच म्हणाले — "आधी यायला हवं होतं, ताई."

हेमलता धावत देवळालीला गेली. फ्रेनीबाईंच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली. सगळं सांगितलं. बाईंनी रागवावं अशी तिची इच्छा होती. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं! पण त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रडायला नंतर वेळ आहे, डीकरी. ती अजून आहे ना? जा, तिच्याजवळ बस."

ती बसली. पेज भरवली, अंग पुसलं, गळलेले केस उशीवरून वेचले. पण जे बोलायला हवं होतं ते ओठाशी येऊन परत जायचं. शेवटी एका सकाळी धीर केला. "शैले, त्या दिवशी मी..."

"माहीत आहे," शैला म्हणाली. "खिडकीच्या काचेत दिसलं मला. पत्ता परत घातलास ना?"

"मग बोलली का नाहीस गं?"

"मला सूर्यच हवा होता."

शैलाने हेमलतेचा हात धरून ठेवला. पुढची दिवाळी यायच्या आधीच ती गेली.

मंडळी, कथा इथे संपली असती तर मी म्हणालो असतो, माफी मिळाली, चला, आरती करू. पण संपली नाही! बाराव्यानंतर कस्तुरी आली. लेक. माहेरचं दार बंद व्हायच्या आधी मावशीच्या कुशीत शिरायला आली. म्हणाली, "मावशी, आईला खरंच आधी काही कळलं नव्हतं का? तुला तरी बोलली असेल ना?"

बघा, पुन्हा तोच प्रश्न दारात! काय सोपं होतं? 'नाही गं बाळा, कुणालाच कळलं नाही.' एवढं म्हटलं की झालं. साक्षीदार तर गेलेली. पोरगी कुशीत राहिली असती. मानलेली का होईना, आई मिळाली असती तिला. आणि हेमलतेला लेक.

हेमलता म्हणाली, "बोलली होती. तुझ्या लग्नाआधी. माझ्याकडेच आली होती. मी तिला डॉक्टरकडे नेलं नाही. पत्ते काढले. आणि पत्तासुद्धा खोटा दाखवला."

कस्तुरीने तिच्याकडे पाहिलं. खांद्यावरचा तिचा हात बाजूला केला, चपला घातल्या, आणि गेली. त्यानंतर तिला मुलगी झाली, बारसं झालं, हेमलतेला बोलावणं नाही. रस्त्यात समोर आली तर पलीकडून जाते. हेमलता तिला हाक मारत नाही. मारायचा हक्क नाही म्हणते.

आता सांगा, मघाशी 'खरं' म्हणणारे कुठे आहेत? आणि 'गोड' म्हणणाऱ्या मावशी? डोळे पुसा, मावशी. दोघांचंही उत्तर अर्धं होतं. हेमलतेने खरं दिलं, पण माणूस गेल्यावर! आणि गोड दिलं, तेव्हा मैत्रिणीची नाही, स्वतःची भीती झाकायला दिलं.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे पत्ते काढतो? काढता! रोज काढता! बाप म्हणतो, 'छातीत जरा दुखतंय, गॅसच असेल ना रे?' — 'हो हो, गॅसच!' झाला सूर्य! बायको म्हणते, 'हल्ली काही खाववत नाही, उन्हाने असेल का?' — 'उन्हानेच!' झाला सूर्य! विचारणाऱ्याला तेच ऐकायचं असतं, सांगणाऱ्याला उठायचं नसतं, आणि दोघं मिळून गाठ वाढवतात.

म्हणून सांगतो, गोड की खरं, हा प्रश्नच सोडून द्या. कुणी असं विचारलं तर त्याच्या तोंडाकडे नीट बघा, आणि म्हणा — 'मला माहीत नाही. चल, मी येतो तुझ्याबरोबर.' शैलाला त्या दुपारी एवढंच मिळायला हवं होतं. भाकीत नको, धीराचे शब्द नकोत. बरोबर चालणारं कुणीतरी.

आता देवाचं नाव घेऊ या. टाळ हळू वाजवा. आणि नाव घेताना घरातलं कोण तुम्हाला गेले काही दिवस काहीतरी विचारतंय, ते आठवा. आठवलं? — मग प्रसादासाठी थांबू नका. जा.