अक्राला निघालेली आशू आणि फोटोत नसलेला तिचा बाप

सन्माननीय अध्यक्ष श्री. अतुलराव, मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका आणि आजच्या प्रमुख पाहुण्या सुलेखाताई, ईडन प्रेरीच्या आपल्या मराठी मंडळाची कार्यकारिणी, समोर बसलेले बंधू-भगिनी, आणि मागे चहाच्या थर्मासपाशी उभं राहून ‘आजी किती वेळ बोलणार’ याचा अंदाज घेणारी मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

अतुलला अतुलराव म्हणताना जीभ अडखळते. घरी येऊन ‘आजी, धपाटे आहेत का’ विचारणारा माणूस हा. पण आज मधल्या खुर्चीवर बसलाय, तेव्हा मान द्यायला हवा. माझ्या हातात कागदही आहे, बघा. मी सांगितलं आणि माझ्या सुनेनं, शैलजानं, लिहून घेतलं. मला अक्षर येत नाही, पण भाषण करणाऱ्याच्या हातात कागद शोभतो. उलटा धरला असेल तर पुढच्या रांगेतल्यांनी खूण करावी.

आज आपण जमलोय ते माझ्या नातीला, आश्लेषाला, निरोप द्यायला. गुरुवारी आमची आशू घाना देशातल्या अक्रा शहरात चालली आहे. चांगली नोकरी सोडून, दोन वर्षं, फोटो काढायला. हे कळल्यावर तुमच्यातल्याच एका बाईंनी, नाव घेत नाही, मला विचारलं, “म्हणजे सिंह-जिराफांचे का हो आजी?”

अहो, सिंह कुठले? भरगच्च शहर आहे ते. आशू मला फोनवर दाखवते. शिंपी, केस विणून देणाऱ्या बायका, लग्नाची नटलेली माणसं, बॉक्सिंग शिकणारी पोरं. आणि फोटो काढणारे तिथलेच तरुण, एकमेकांचे फोटो बघून कडाकडा भांडणारे. परक्यांनी येऊन आमचे फोटो पुष्कळ काढले, आता आमचे आम्ही काढतो, असं त्यांचं म्हणणं. मग बये, तुझं तिथे काय काम? हे मीही विचारलं. आशू म्हणाली, “आजी, शिकायला.” म्हटलं, मग जा.

तिथे अकोसुआ नावाच्या बाईंचा स्टुडिओ आहे. आशू त्यांच्याच हाताखाली काम करणार. मला फोनवर त्या ‘नाना’ म्हणतात. तिकडे आजीलाही नानाच म्हणतात म्हणे. मिश्या तेवढ्या यायच्या राहिल्यात. या अकोसुआबाईंची रीत अशी, की दोरीवर कापडं टाकलेली असतात, आलेल्या माणसानं आपल्या मागे कुठलं लावायचं ते निवडायचं, कसं बसायचं तेही त्यानंच ठरवायचं. आणि प्रदर्शनाला त्या माणसाला बोलावायचंच. आपला फोटो पटला नाही तर त्यानं तो भिंतीवरून उतरवायचा. चेहरा त्याचा, तेव्हा शेवटचा शब्द त्याचा.

मागच्या वर्षी आशू थोडे महिने तिथे राहिली होती. बाजारात कापड विकणाऱ्या एका बाईंचा फोटो हिनं काढला. गठ्ठ्यांना टेकून बसल्यात, कपाळावरचा घाम पुसतायत. सगळ्यांनी वाहवा केली. प्रदर्शनाला त्या बाई आल्या त्या राणीसारख्या नटून. फोटोसमोर उभ्या राहिल्या, तो खिळ्यावरून काढला आणि काखेत मारला. “पोरी, अख्खा दिवस मी गिऱ्हाइकांना हसवते, आणि तुला माझा घामच दिसला?”

आशूचा फोन आला, रडत. मला वाटलं पोरगी पडली की काय. सगळं ऐकून मी म्हटलं, बाईचं बरोबर आहे. तू पुन्हा काढ.

दुसरा फोटो माझ्या पलंगासमोर आहे. हात गुडघ्यांवर, हनुवटी वर. सकाळी डोळे उघडले की बाई माझ्याकडे अशा बघतात, की मी आधी पदर नीट करते. तो बघितला आणि मला कळलं, ही पोरगी परत तिकडे जाणार.

आता माझा मुलगा मोरेश्वर, आशूचा बाप. मंडळाचा माईक तोच बघतो, आत्ताही मागे त्या काळ्या डब्याआड बसलाय. आशूनं तुमच्या गणपतीचे, दिवाळीचे फोटो काढले. निम्म्या सभागृहाचे व्हॉट्सॲपवरचे चेहरे तिनंच काढलेत, आणि किती पोटं आत घ्यायला लावलीत ते ज्याचं त्याला ठाऊक. पण बापाचा एक फोटो नाही तिच्याकडे! कॅमेरा वळला की हा वायर शोधायला खाली वाकतो.

मार्चमध्ये आशूनं घरी सांगितलं. तेव्हा हा एकदाच बोलला. “तुला इथे काय कमी पडलं?” ती म्हणाली, “बाबा, इट्स नॉट अबाउट दॅट.” मग यानं भांडी घासायला घेतली. डिशवॉशर रिकामा असताना! तेव्हापासून त्या शहराचं नाव यानं घेतलेलं नाही. तिच्या बॅगा काट्यावर चढवून बघतो, लस घेतली का ते शैलजाकडून विचारून घेतो. ओरडून भांडला असता तर संपलं तरी असतं.

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. इथे अमेरिकेत व्हिसाच्या धास्तीत याची ऐन वर्षं गेली. लेकीला कुठे परकं व्हावं लागू नये म्हणून हा राबला. आणि लेक हौसेनं परक्या देशात निघाली. बापाला लागणारच ना ते? पण तिला जाण्याआधी एकच गोष्ट हवी आहे. बापाचा फोटो. पुन्हा पुन्हा मागितला. “नंतर बघू, बेटा.” अरे, नंतर कधी? गुरुवार आला!

अतुलराव, मंचाच्या कडेची ती खुर्ची आणि मागची कापडं हे डेकोरेशन नाही. तुम्ही मघाशी तिच्यावर कोट टाकलात, तो उचला.

मोरू, ऐक. माईक बंद करायचं मनात आणू नकोस, माझा आवाज तसाही पोचतो. हस म्हणत नाही. रागावलेला बसायचं असेल तर रागावलेला बस. कापड तू निवड. हा फोटो तिकडच्या भिंतीवर लागणार आहे. नाही पटला तर उतरव. पण ज्याचा फोटो त्यानंच, स्वतः जाऊन, आपल्या हातानं उतरवायचा. फोनवरून सांगितलेलं तिथे चालत नाही.

उठला.

टाळ्या नकोत, बुजेल तो. कापडांपाशी गेला. माझं इरकली लुगडं बाजूला सारलं मेल्यानं! आशूनं तिकडून आणलेलं ते पिवळं-काळं ओढलंय. बसला. आशू, घाई करू नकोस गं.

काहीतरी विचारतोय तिला. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगते. विचारतोय, “प्रदर्शन कधी आहे?” ती म्हणाली, नोव्हेंबरमध्ये. आता हा म्हणतो, “घानाच्या व्हिसाला किती दिवस लागतात?”

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी चहा थंड करून ऐकलंत, फार आभारी आहे. घरातलं चारचौघांत काढलं, कुणाला टोचलं असेल, तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. आणि पुढचे जरा बाजूला सरका. उजेड अडतोय.