शोरूमवर पाडलेल्या कवडशाबाबत

जबाब देणार : बाजारात 'आरसेवाली' म्हणून ओळख. वय त्रेपन्न वर्षे. धंदा काच व आरसे विकणे आणि बसवून देणे. राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, लाकडाच्या वखारीसमोर.

विचारल्यावरून मी समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. आमचे मालक हयात नाहीत. मूलबाळ नाही. दुकानात एक जुने कारागीर आहेत, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. मला एक धाकटा भाऊ आहे. तो बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन आहे. माझ्याविरुद्धची फिर्याद त्याच्याच नावाने आहे, हे मला आज इथे आल्यावर कळले. आमची आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. त्यापुढचे ठाणे अंमलदारांनी विचारले नाही, म्हणून मी सांगत नाही.

आमच्याकडे मालकांनी घेतलेली डिझेलची जुनी पिकअप होती. तिच्या मागच्या बाजूला काचेचे तक्ते तिरपे उभे करण्यासाठी मालकांनी स्वतःच्या हाताने लाकडी घोडी करून बसवली होती. गाडी धूर सोडायची, चढावर रडायची, पण माल कधी फुटला नाही. मागच्या महिन्यात भाऊ घरी आला आणि म्हणाला, "ताई, हे धूड आणखी किती दिवस ओढणार आहेस? बॅटरीची घे. आवाज नाही, हादरे नाहीत. तुझ्या काचा झोपून जातील." मी म्हटले, बघू पुढच्या वर्षी. त्यावर तो म्हणाला, "पुढच्या वर्षी कशाला? एक तारखेपासून भाव वाढतोय. याच महिन्यात घेऊन टाक. मी सांगतोय ना."

मी घाऊक बाजारात काच घेते तेव्हा चारही कडांवरून बोट फिरवते. व्यापारी हसतात, हसू देते. ही गाडी घेताना मी कुठेही बोट फिरवले नाही. विकणारा तो होता.

जुनी पिकअप बदल्यात दिली. घोडी तेवढी काढून घेतली. ती नव्या गाडीत बसेना, म्हणून उस्तादांनी तिचे पाय तासले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी गाडी ताब्यात मिळाली. शोरूमवाल्यांनी पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली माझ्या हातात देऊन फोटो काढला. फोटोत भाऊ माझ्या शेजारी आहे, पण तो बुटांकडे बघतो आहे. त्या दिवशी त्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही. पुढे जे झाले त्यावरून माझी समजूत अशी आहे की, भाव उतरणार हे त्याला त्याच दिवशी सकाळी कळले असावे. आधी कळले असते तर त्याने मला गाडी घेऊच दिली नसती, इतपत मला त्याच्याबद्दल आजही वाटते.

पुढच्याच आठवड्यात त्या गाडीचा भाव उतरला. वाढला नाही, उतरला. जेवढा उतरला तेवढ्यात माझ्या दुकानाचे दोन वर्षांचे भाडे निघाले असते. शोरूमवर आडवा फलक लागला, 'आता आणखी स्वस्त'. मी तो फलक गिऱ्हाइकाकडे आरसा घेऊन जाताना सिग्नलला पाहिला. सिग्नल सुटला तरी गाडी हलवली नाही. मागचे हॉर्न वाजवत होते.

त्या महिन्यात गाडी घेतलेले आम्ही बरेच जण शोरूमवर गेलो. पाण्याचे जार पोचवणारा होता, मंडपवाला होता, अंडीवाली होती. मंडपवाल्याने तर बायकोचे दागिने मोडून गाडी घेतली होती. मॅनेजर टाय लावून बाहेर आला. तो म्हणाला, "मोबाइलचे भाव उतरतात तेव्हा तुम्ही दुकानावर चालून जाता का? कंपनी ठरवते, आमच्या हातात काही नाही." अंडीवाली म्हणाली, "अरे मेल्या, मोबाइलवर मी अंडी वाहते का?" सगळे हसले. मॅनेजरही हसला. हसणे झाल्यावर त्याने प्रत्येकाला एक छत्री आणि वर्षभर गाडी फुकट धुऊन देण्याचे कार्ड दिले. जारवाला पुटपुटत का होईना, छत्री घेऊन गेला. अंडीवाली म्हणाली, निदान एवढे तरी पदरात पडले. मंडपवाल्याने छत्री घेतली नाही, तो नुसता पायरीवर बसून राहिला. मीही घेतली नाही.

मला पैसे परत नको होते. ते मिळणार नाहीत हे मला कळत होते. मला एवढेच हवे होते की, भावाने माझ्यासमोर उभे राहून सांगावे, त्याला माहीत होते की नव्हते. नव्हते म्हणाला असता तरी चालले असते. पण त्या दिवशी तो आतल्या केबिनमध्ये जाऊन बसला आणि काचेच्या दारातून मला दिसत राहिला. ते दार आमच्याच दुकानातून गेले आहे. मी फोन केले, उचलले नाहीत. घरी गेले तर वहिनीने दार अर्धेच उघडून सांगितले, "घरात नाहीत." त्याच्या चपला उंबऱ्याच्या आत होत्या. मी जिना उतरले. परका कोणी असता तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. हा केसाने गळा कापणारा घरचा निघाला, म्हणून मी स्वस्थ बसायचे नाही असे ठरवले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. उघड्या गाडीतून आरसा न्यायचा तर त्याचे तोंड आत, घोडीकडे करायचे, नाहीतर त्यावर जाड चादर बांधायची. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन मारले जाऊ नये म्हणून. मालकांनी मला हे पहिल्या दिवशी शिकवले होते आणि मी ते कधी मोडले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानातला सगळ्यात मोठा आरसा गाडीवर चढवला, तोंड बाहेर करून. उस्ताद म्हणाले, "बाईसाहेब, उलटा लागलाय." मी म्हटले, सुलटाच आहे. त्यांनी फक्त दोरी आणखी एकदा आवळली.

शोरूमसमोर रस्त्यापलीकडे गाड्या लावायची मोकळी जागा आहे. तिथे कोणालाही गाडी लावता येते. दुपारनंतर ऊन शोरूमच्या छपरावरून त्या जागेवर येते. मी गाडी तिथे लावली, आरशाची मान थोडी मागे टाकली, आणि कवडसा थेट आत भावाच्या टेबलावर गेला. तो टेबल सोडून दुसऱ्या टेबलावर गेला, तेव्हा घोडीखाली पाचर सरकवून मी कवडसाही तिकडे नेला. असे मी रोज केले. गाडी दाखवायला तो गिऱ्हाइकाबरोबर बाहेर आला की कवडसा त्याच्या बरोबर चालायचा. तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "समोर आरशाचं काम चाललंय." गिऱ्हाईक विचारायचे, "रोज?" मला हे त्यांच्या ओठांवरून कळत होते आणि मला मजा येत होती. हे असेच लिहून घ्यावे. मी खोटे सांगणार नाही.

मॅनेजरने पडदे लावले. पडदे लावल्यावर आतली गाडी रस्त्यावरून दिसेना, म्हणून दोन दिवसांत काढले. मग तो स्वतः रस्ता ओलांडून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला नक्की काय पाहिजे?" मी म्हटले, तुमच्याकडून काहीच नाही. माझ्या भावाला पाठवा. तो म्हणाला, "तुमच्या घरच्या भांडणात माझं दुकान कशाला?" मी म्हटले, माझ्या घरात तुमचे दुकान शिरले तेव्हा मी विचारले का? त्यावर तो निघून गेला. भाऊ आला नाही.

काल शोरूमसमोर गाडीच्या उतरलेल्या किमतीचा कार्यक्रम होता. खुर्च्या मांडल्या होत्या, लाकडी फळ्यांचे स्टेज केले होते, त्यावर कापड झाकलेली नवी गाडी होती. बुकिंग करायला आलेली बरीच माणसे होती. माइक भावाच्या हातात होता. तो चांगला बोलतो. लहानपणी भिंतीशीसुद्धा बोलायचा. "विश्वास" हा शब्द तो उच्चारत असताना मी आरशाची चादर काढली. कवडसा त्याच्या तोंडावर पडला.

त्याने डोळ्यांवर हात धरला आणि माइकवरच म्हणाला, "ताई, आरसा खाली घे." सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. मी इकडून ओरडून विचारले, "आधी सांग, तुला माहीत होतं का?" माझ्याबरोबर आलेले उस्ताद मला हळूच म्हणाले, "बाईसाहेब, पुरे." मी आरसा हलवला नाही. मॅनेजर माइक घ्यायला धावला, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "हो, माहीत होतं. इथं सगळ्यांना माहीत होतं." हे माइकवर चौकापर्यंत ऐकू गेले. पुढच्या रांगेतला एक जण उठून म्हणाला, "म्हणजे आम्ही आज घेतली की पुढच्या महिन्यात पुन्हा उतरणार?" माणसे उठू लागली. मंडपवाला कुठून आला कोण जाणे, तो एकटाच टाळ्या वाजवत होता. मलाही बरे वाटले. इतके बरे मला मालक गेल्यापासून वाटले नव्हते.

त्यानंतर भाऊ मागे सरला. उजेडात त्याला स्टेजची कड दिसली नसावी. तो खाली पडला आणि उजवा हात त्याच्या अंगाखाली आला. मी त्याला ढकललेले नाही. मी रस्त्याच्या पलीकडे होते. पण कवडसा तोपर्यंत त्याच्या तोंडावरच होता, आणि आरशाची कड माझ्याच हातात होती.

मॅनेजर फोनवर बोलत उभा होता. मी आणि उस्तादांनी आरसा उतरवून फुटपाथवर टेकवला आणि भावाला पुढच्या सीटवर बसवून मी दवाखान्यात नेले. बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो. डिझेलची असती तर निदान इंजिन तरी बोलले असते. तो रस्ताभर खिडकीबाहेर बघत होता आणि मी समोर. खड्डा आला की तो कण्हायचा, म्हणून मी तक्ते नेताना चालवते तशी गाडी चालवली. दवाखान्यात वहिनी आली. ती मला म्हणाली, "झालं समाधान?" मी तिथून निघाले. परत आले तेव्हा आरसा फुटलेला होता. तो कोणी फोडला याची मला तक्रार द्यायची नाही.

विचारल्यावरून सांगते की, मला या गोष्टीचा पश्चात्ताप आहे का, तर हात मोडला याचे वाईट वाटते. बाकीच्याचे नाही. आणखी विचारल्यावरून सांगते की, फिर्याद मॅनेजरने सांगून लिहायला लावली असेल असे मला वाटते, पण सही भावाची आहे. मी ती पाहिली. डाव्या हाताची आहे.

मला घरी सोडण्यासाठी जवळच्या नातेवाइकाची हमी लागेल असे सांगण्यात आले. मी धाकट्या भावाचे नाव आणि फोन नंबर दिला. अंमलदार म्हणाले, "अहो, तोच तर फिर्यादी आहे." मी म्हटले, माहीत आहे. त्यालाच बोलवा. दुसरे कोणी मला नाही, आणि असते तरी मी त्यालाच बोलावले असते. त्याने इथे यावे, माझ्यासमोर खुर्चीवर बसावे आणि हा जबाब पहिल्या ओळीपासून ऐकावा. तो ऐकेपर्यंत मी यावर सही करणार नाही. तो यायला तयार नसेल तर मी या बाकावर बसायला तयार आहे.

भाऊ संध्याकाळी गळ्यात हात अडकवून आला. येथवरचा मजकूर आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचण्यात आला. पुठ्ठ्याच्या किल्लीच्या फोटोपर्यंत तो मान खाली घालून ऐकत होता. "त्याच दिवशी सकाळी कळले असावे" हे वाक्य आले तेव्हा त्याने वाचणाऱ्या अंमलदारांना थांबवले. तो म्हणाला, "साहेब, हे चूक आहे. दुरुस्त करा. मला आधीपासून माहीत होतं. ताईच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हाच माहीत होतं. महिन्याच्या टार्गेटला एक गाडी कमी पडत होती आणि दुसरं कोणी माझ्यावर विश्वास ठेवत नव्हतं. तिच्याकडे म्हणूनच गेलो."

अंमलदारांनी मला विचारले, दुरुस्ती करायची का? मी म्हटले, करा. जुने वाक्य खोडून बाजूला तो म्हणाला तसे लिहिले. ते मला पुन्हा वाचून दाखवले. आता यात चुकीचे काही राहिलेले नाही, म्हणून सही करते.